तीसच्या गल्लीतला रेसर

नागपुरात मी चोवीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकायला येणाऱ्या बहुतेक बायका, कारण नवऱ्याने स्वतः शिकवायला घेतलं की चौथ्या दिवशी बायको माझ्या दारात असते आणि नवरा घरी फुगून बसलेला असतो. एवढ्या वर्षांत क्लच जाळणाऱ्या प्राध्यापिका पाहिल्या, रिव्हर्स टाकला की डोळे मिटून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई पाहिल्या. पण पस्तीस वर्षं मोटारीच्या शर्यती मारलेला माणूस साध्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला पाहायला मला थेट जर्मनीला जावं लागलं.

गेले होते भाचीकडे. प्रज्ञा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आखनच्या तांत्रिक विद्यापीठात ब्रेकवर पीएच.डी. करते. ब्रेक दाबला की गाडी थांबते, यात इतकी वर्षं अभ्यास करण्यासारखं काय आहे हे तिने मला तीनदा समजावलं आणि मी तीनदा मान डोलावली. मजा म्हणजे तिला गाडी चालवता येत नाही. मावशीचं ड्रायव्हिंग स्कूल, स्वतःचा अभ्यास ब्रेकचा, आणि बाई फिरतात सायकलवर.

निघताना बॅगेत सावजी मसाल्याच्या चार पुड्या आणि आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना टाकला. विहारातल्या मैत्रिणी म्हणाल्या, तिथे तुला कोण गाडी देणार आहे? मी म्हटलं, असू द्या, वजन नाही त्याचं काही. खरं सांगायचं तर डॉक्टर जसा गावाला जाताना स्टेथोस्कोप घेतो, तशीच ती सवय होती.

आखन, बुधवार

आखन हे चढउताराचं, सायकलींचं आणि विद्यार्थ्यांचं गाव. बसमध्ये मागच्या बाकावर मराठी ऐकू येतं, पुढच्या बाकावर तेलुगू आणि मधल्या बाकांवर बिचारे जर्मन गप्प बसलेले असतात. इथे प्रिंटन नावाचं मसाल्याचं बिस्किट प्रसिद्ध आहे. प्रज्ञाने स्टेशनावरच हातात ठेवलं. पहिल्या घासाला माझी दाढ हलली. मग कळलं की स्थानिक लोक ते चहा-कॉफीत बुडवून खातात. हे आधी सांगायला काय झालं होतं, देव जाणे!

प्रज्ञाचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर पायरीवर एक उंच, पांढऱ्या केसांचा गोरा माणूस गुडघ्यावर पुस्तक ठेवून बसला होता. आम्हाला पाहून तो उठला आणि न विचारता माझी मोठी बॅग उचलून वर निघाला.

"हा कर्टिस," प्रज्ञा म्हणाली. "इथेच खाली राहतो. वीकेंडला मी ज्या रेसिंग टीमचा डेटा बघते ना, तिथलाच आहे. अमेरिकन. पस्तीस वर्षं स्पोर्ट्स कार रेसिंग केलंय."

"मग पायरीवर बसून काय वाचून राहिला हा?"

"फारशूलचं पुस्तक. म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचं. प्रुफुंगमध्ये, म्हणजे परीक्षेत, दोनदा नापास झालाय."

मी जिन्यातच हसले. चांगलं खळखळून हसले. मराठी त्याला कळत नव्हतं, पण हसण्याचा अर्थ कळायला भाषा लागत नाही. त्याने बॅग खाली ठेवली आणि इंग्रजीत म्हणाला, "हसा, मॅडम. माझी बायकोसुद्धा हसते. फक्त आता तिचं हसणं कमी झालंय."

मग त्याने सांगितलं ते असं. अमेरिकेचं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चालतं. त्यानंतर त्याच्या राज्याच्या लोकांना जर्मन परीक्षा द्यावी लागते, लेखी आणि रस्त्यावरची. लेखी पहिल्या फटक्यात झाली. रस्त्यावर घोडं अडलं. तिसरी परीक्षा पुढच्या शुक्रवारी, म्हणजे नऊ दिवसांवर होती. आणि त्याच्या पुढच्याच दिवशी, शनिवारी, त्याला कामावर उभं राहायचं होतं. टीमच्या मालकाने त्याला प्रशिक्षकाची नोकरी देऊ केली होती. पैसेवाले लोक आपापल्या स्पोर्ट्स कार घेऊन येतात, सकाळी हॉटेलपासून डोंगरातल्या रेसट्रॅकपर्यंत त्यांच्यापुढे गाडी घेऊन जायचं आणि मग ट्रॅकवर त्यांना शिकवायचं. पुढची गाडी साध्या रस्त्यावरून जाते, म्हणून जर्मन लायसन्स हवं. शुक्रवारपर्यंत नसेल तर मालक दुसरा माणूस घेणार होता.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग ओहायोमध्ये माझ्या चुलतभावाचं टायरचं दुकान आहे."

बायको हाइके इथेच नर्स. तिची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून हाइके कुठेही जाणार नव्हती. म्हणजे तो तिकडे आणि ती इकडे. माझं हसणं तिथेच थांबलं.

आखन, शुक्रवार

शुक्रवारी मी सावजी चिकन केलं आणि दोघांना वर जेवायला बोलावलं. हाइके पहिल्या घासाला लाल झाली, दुसऱ्या घासाला पाणी प्यायली आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. कर्टिस घाम पुसत खात होता. तिखट पोटात गेलं की माणूस खरं बोलतो, हा माझा जुना अनुभव आहे.

कर्टिसच्या बापाचं गॅरेज होतं. सोळाव्या वर्षी लायसन्सची परीक्षा, ती म्हणजे तपासनिसाला बाजूला बसवून चार कोपऱ्यांची एक चक्कर, दहा मिनिटांत काम फत्ते. एकोणिसाव्या वर्षी पहिली शर्यत. सव्विसाव्या वर्षी एका बड्या कंपनीच्या टीमने चाचणीला बोलावलं, दोघांतून एक घेणार होते, दुसऱ्याला घेतलं. तिथून पुढे पस्तीस वर्षं तो ज्याला म्हणतात तसा भाड्याचा ड्रायव्हर.

हा प्रकार मला माहीत नव्हता. लांबलचक शर्यतीत एकाच गाडीवर दोन-तीन ड्रायव्हर आळीपाळीने बसतात. त्यातला एक असतो हौशी श्रीमंत, गाडीचा खर्च उचलणारा. दुसरा पोटासाठी चालवणारा. कर्टिसच्या नशिबी आले दोन डेंटिस्ट, एक आइस्क्रीमवाला आणि एक छपरं बसवणारा ठेकेदार. त्यांनी आधी चालवायचं आणि मागे पडायचं, मग याने बसून गेलेला वेळ भरून काढायचा. जिंकले तर पेपरात डेंटिस्टचा फोटो. हरले तर गाडीत काहीतरी बिघाड होता म्हणून यानेच सांगायचं.

"म्हणजे पस्तीस वर्षं तुम्ही डेंटिस्टांच्या चुका निस्तरल्या," मी म्हटलं.

"आणि दात फुकट करून घेतले," तो म्हणाला आणि तोंड उघडून दाखवलं. दात खरंच चांगले होते.

घोट्याचं हाड मोडलं तेव्हा तो इथे एका शर्यतीला आला होता, आणि दवाखान्यात प्लास्टर घालायला हाइके होती. लग्न करून दोघं अमेरिकेत राहिली. आई आजारी पडली तेव्हा परत आली. यंदा त्याला कुणी शर्यतीत सीट दिली नाही. फोन वाजायचाच थांबला, असं तो म्हणाला, आणि पुन्हा भात मागितला.

मग मी धंद्याचा प्रश्न विचारला. नापास कशाने झालात?

पहिल्यांदा 'रेश्ट्स फोर लिंक्स'ने. इथल्या वस्तीतल्या गल्ल्यांत, जिथे तीसच्या वर वेग न्यायचा नाही, तिथे उजवीकडून जो येईल त्याचा हक्क पहिला. मग ती गल्ली बोळाएवढी का असेना आणि गाडीत शंभर वर्षांचे आजोबा का असेनात. कर्टिसच्या उजवीकडून असेच एक आजोबा आले. "माझा पाय निघालाच नाही गॅसवरून," तो म्हणाला. "आत शिरणाऱ्याला जागा द्यायची नाही, याचेच पैसे मिळत होते मला."

दुसऱ्यांदा मान वळवली नाही म्हणून. उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे पाहायचं, सायकलवाला असतो. हा पाहिना. शर्यतीत हेल्मेट मागून पट्ट्यांनी खांद्याला बांधलेलं असतं, मान वळतच नाही, आणि मागे कोण आहे ते रेडिओवरून एक माणूस सांगतो. पस्तीस वर्षं याने मागे वळून पाहिलेलं नव्हतं. बाजूला बसलेल्या शिक्षिकेने ब्रेक मारला म्हणून सायकलवाला वाचला, आणि परीक्षा तिथेच संपली.

"एवढंच?" मी म्हटलं. "सोमवारपासून माझ्याकडे या."

हे बोलताना माझा आवाज फार मोठा होता, हे आता आठवलं की कानाला लागतं.

आयफेलचे डोंगर, रविवार

रविवारी कर्टिसला ट्रॅकवर जाणं भाग होतं, नव्या कामाची तयारी म्हणून. एरवी हाइके सोडायची, पण तिची ड्यूटी होती. प्रज्ञाला टीमचा डेटा बघायला जायचं होतं, पण चालवता येत नाही. कर्टिसला येतं, पण परवानगी नाही. ट्रेन आणि बस करत गेलं तर अर्धा दिवस वाटेत. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि मी पर्समधून परवाना काढला. तीन देशांच्या त्या घोळक्यात कायद्याने आणि कामाने मोकळी असलेली एकटी मी, नागपूरची! हाइकेने फोन करून गाडीच्या विम्यात माझं नाव घातलं, आणि ते झाल्याशिवाय किल्ली दिली नाही.

स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूला. हे मी दोन चौकांत पचवलं. पचलं नाही ते एकच. आपल्याकडे इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तिथे डाव्या. त्यामुळे मी प्रत्येक वळणावर मोठ्या आत्मविश्वासाने वायपर लावत होते. लख्ख ऊन, आणि आमचं वायपर चालू.

"मावशी, आल्झो, दुसरा हात," प्रज्ञा मागून म्हणायची. 'आल्झो' म्हणजे तिथलं 'तर मग'.

"माहीत आहे मला. काच पुसून राहिले."

आउटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, मी नव्वदने चालले होते. तिथे नव्वद म्हणजे गाडी ढकलत नेल्यासारखं. एक दूधवाला ट्रक आमच्यापुढे गेला. एक कॅरावान गेली, तिच्या खिडकीतून कुत्रा आमच्याकडे बघत होता. कर्टिस माझ्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून शाळेतल्या मुलासारखा बसला होता. पण त्याचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबत होता, सोडत होता. चोवीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी तेच करत आले आहे, म्हणून मला ते दिसलं.

"काही सांगायचंय का?" मी विचारलं.

"पाचवा गिअर आहे या गाडीला," तो अगदी नम्रपणे म्हणाला.

डोंगरात हिरवंगार रान, एखादं चर्च, गाईसुद्धा होत्या, पण सगळ्या कुंपणाच्या आत. ट्रॅकच्या फाटकाशी पोचलो. फाटकाच्या अलीकडे या माणसाला मोपेडसुद्धा चालवायची सोय नव्हती. फाटकाच्या पलीकडे टीमने त्याच्या हातात एक लांबरुंद गाडी दिली आणि तो झाडांत नाहीसा झाला. आम्ही गाडीत बसून पोळी-भाजी खाल्ली. लांबून फक्त आवाज येत होता.

आखन, सोमवार ते गुरुवार

आता माझी पद्धत सांगते. स्कूल सुरू केलं त्या वर्षी माझ्याकडे एकच गाडी होती आणि ती बहुतेक वेळ गॅरेजात असायची. बायका तर सकाळी सहाला हजर. मग मी त्यांना मैदानावर रांगेत उभं करून पायी चालवायला लागले. हात पुढे, जणू स्टिअरिंग धरलंय. वळण आलं, थांबा, आरसा, मान वळवा, निघा. लोक हसायचे. पण माझ्या लक्षात आलं की पायी शिकलेली बाई गाडीत बसली की गोंधळत नाही. तेव्हापासून गाड्या तीन झाल्या तरी पहिले दोन दिवस पायीच.

कर्टिसला रस्त्यावर गाडी देता येत नव्हती, तेव्हा पायी गाडी हाच उपाय. तो आधी तयार होईना. "मी एकसष्ट वर्षांचा आहे, मॅडम."

हाइके म्हणाली, "आणि नापास आहेस." तो उठून बूट घालायला लागला.

तर सोमवारी सकाळपासून आखनच्या एका शांत वस्तीत ही वरात निघाली. पुढे सव्वासहा फूट अमेरिकन, हात हवेत धरून. मागे त्याच्या उजव्या खांद्याशी मी, सलवार-कुर्ता आणि स्पोर्ट्स शूज. प्रत्येक कोपऱ्यावर तो थांबायचा, उजवीकडे पाहायचा, मोठ्याने बोलायचा, "उजवीकडे कोणी नाही." वळायचं असलं की मी मागून बोटं वर करायची आणि त्याने मान वळवून किती ते सांगायचं. पहिल्या दिवशी बारांपैकी तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी नऊदा. मान कुरकुरत होती बिचाऱ्याची, रात्री हाइके शेकून द्यायची.

जर्मन लोक पडद्याआडून बघत होते. आपल्याकडे असतं तर पहिल्या तासाला चाळीस माणसं आणि दोन सल्लागार जमले असते. तिथे दोन दिवस कुणी बाहेर आलं नाही. बुधवारी एका बागेचं फाटक उघडून एक आजीबाई आल्या, चाकांचा वॉकर ढकलत. काहीतरी विचारलं. प्रज्ञाला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून बरं, तिने सगळं समजावलं. आजी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत ऐकत राहिल्या. मला वाटलं आता चौकशी संपली. तर म्हणाल्या, "कालपासून बघते आहे. हा माणूस कोपऱ्यावर अर्धा मीटर पुढे थांबतो."

मी नीट पाहिलं. खरंच थांबत होता!

गुरुवारी तर कमाल झाली. शेवटच्या कोपऱ्यावर उजवीकडच्या बोळातून त्या आजी वॉकर घेऊन आल्या, मुद्दाम, बागेतून चक्कर मारून. कर्टिस जागच्या जागी थांबला. त्या त्याच्यासमोरून सावकाश, अगदी मन भरेपर्यंत सावकाश गेल्या, पलीकडे पोचल्यावर मान हलवली आणि परत घरी गेल्या. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच टाळ्या वाजवल्या.

"एवढंच लक्षात ठेवा," मी त्याला म्हटलं. "जो येईल त्याला जाऊ द्या. शंका आली की थांबा."

आखन, शुक्रवार

परीक्षेच्या गाडीत शिक्षिका शेजारी आणि तपासनीस मागे. मला जागा नव्हती. मी, हाइके आणि प्रज्ञा ड्रायव्हिंग स्कूलच्या बाहेर बाकावर बसलो. हाइकेने विणकाम आणलं होतं, एकही टाका घातला नाही.

पाऊण तासाने गाडी आली. तपासनीस उतरला, हातातल्या टॅबलेटवर बोट फिरवत निघून गेला. शिक्षिका उतरली. तिने हाइकेकडे पाहून मान हलवली, आडवी.

गल्ल्यांत सगळं उत्तम झालं होतं. उजवीकडे पाहिलं, मान वळवली, सायकलवाल्याला जाऊ दिलं. तपासनीस खूश होता. मग गाडी मोठ्या रस्त्याला लागली. तिथे पिवळ्या चौकोनाची पाटी असते, तिचा अर्थ हा रस्ता मोठा, इथे तुमचा हक्क पहिला, बिनधास्त जा. कर्टिस तिथेही थांबला. उजवीकडून एक बाई येत होती, तिला जाऊ दिलं. ती गोंधळली, मागच्यांनी करकचून ब्रेक मारले. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा थांबला. तिसऱ्या कोपऱ्यावर तपासनीस म्हणाला, आता परत चला.

ही चूक कर्टिसची नव्हती. पाटी त्याला माहीत होती, लेखी परीक्षेत त्याने ती बरोबर लिहिली होती. पण चार दिवस मी त्याला ज्या वस्तीत फिरवलं तिथे असली पाटी एकही नव्हती, आणि आमच्या गावात कोणता रस्ता मोठा हे पाटी ठरवत नाही, समोरच्या गाडीचा आकार ठरवतो. मी माझं नागपूर त्याच्या डोक्यात भरलं होतं. त्याची नोकरी माझ्यामुळे गेली. हे मला तिथे बाकावर बसल्याबसल्या स्पष्ट कळलं.

कर्टिस गाडीला टेकून उभा होता.

"आयुष्यभर कुणाला रस्ता दिला नाही, म्हणून दोनदा नापास," तो म्हणाला. "आज सगळ्यांना दिला, म्हणून नापास." आणि तो हाइकेकडे वळला. "डोळ्यावर ऊन आलं होतं. पाटी दिसली नाही."

ढग भरून आले होते. ऊन कुठेच नव्हतं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस मला वाचवत होता. डेंटिस्टाने गाडी भिंतीत घातली की हा जसा बिघाड शोधून काढायचा, तसा माझ्यासाठी त्याने ऊन शोधलं होतं. मला त्या क्षणी भयंकर राग आला, त्याचा आणि माझाही.

"ऊनबिन काही नाही," मी हाइकेला म्हटलं. "माझी चूक आहे. मी चुकीचं शिकवलं."

हाइके माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"प्रज्ञा, त्या मालकाला फोन लाव."

"मावशी, तो शुक्रवारच म्हणाला होता. इथे असं चालत नाही गं, डेडलाइन म्हणजे डेडलाइन."

"तू लाव तर. आणि मी बोलते तसंच्या तसं सांग, तुझं काही घालू नको."

मी सांगितलं ते असं. पुढची परीक्षा दोन आठवड्यांनी देता येते. तोवर दोन शनिवार आहेत. तुम्हाला पुढच्या गाडीला लायसन्सवाला माणूस हवा आहे, तर माझ्याकडे परवाना आहे, चोवीस वर्षांचा धंदा आहे आणि आजवर एकही अपघात नाही. रस्त्यावर मी चालवते, कर्टिस शेजारी बसून सांगेल. ट्रॅकवर तो चालवेल. दोन शनिवार चालवून बघा.

मग मालकाने काहीतरी विचारलं. प्रज्ञाने फोनवर हात ठेवला. "विचारतोय, या त्याच बाई का, रविवारी उन्हात वायपर लावून आलेल्या?"

"हो म्हण."

तो हसला. फोन माझ्यापासून हातभर लांब होता, तरी ऐकू आलं. म्हणाला, या.

पुन्हा आयफेल, शनिवार

कर्टिस चौथ्या वेळी पास झाला, हे आधीच सांगून टाकते. दोन आठवड्यांनी, पहिल्या चौकापासून शेवटच्या चौकापर्यंत एकही चूक नाही. मी तेव्हा नागपूरला परतले होते, प्रज्ञाने त्याच्या कार्डाचा फोटो पाठवला. फोटोत तो गुन्हेगारासारखा दिसतो. पिवळ्या पाट्यांची उजळणी त्याच्याकडून त्या वॉकरवाल्या आजींनी करून घेतली, मी नाही.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या शनिवारचं. हॉटेलच्या दारात पाच स्पोर्ट्स कार उभ्या होत्या, जमिनीला पोट लागलेल्या. त्यांच्यापुढे हाइकेची छोटी लाल गाडी, स्टिअरिंगवर मी. कर्टिसने सगळ्यांना नियम सांगितला, पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही. मग डोंगरातून आमची मिरवणूक निघाली, ताशी साठने. चढावर पन्नास. कर्टिस रेडिओ हातात धरून पूर्ण वेळ मागे वळून बघत होता, पाचही जण नीट येतायत की नाही ते. मान छान वळत होती.

ट्रॅकवर त्याने दुपारपर्यंत त्या पाच जणांना शिकवलं. ओरडला नाही, हसला नाही कुणाला. शेवटी टीमच्या शर्यतीच्या गाडीपाशी माझ्यासमोर हेल्मेट धरलं. "बसा, मॅडम. एक चक्कर."

वीस किलोमीटरहून लांब रस्ता, दरीत उतरणारा, पुन्हा चढणारा, वळणावर वळण. पहिल्या उतारावर मी ओरडले, नागपुरी शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. पण तीन-चार वळणं गेल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली आणि मी त्याच्या हातापायांकडे बघायला लागले. हात जेमतेम हलत होते. ब्रेक एकदाच, पुरा, आणि सोडताना इतका अलगद की कधी सुटला ते मानेलाही कळू नये. हे मी चोवीस वर्षं घसा फोडून सांगते आहे, आणि मला स्वतःलाही असं कधी जमलेलं नाही. भीती कुठे गेली कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, हेल्मेटमुळे पुसताही येईना. या माणसाला मी चार दिवस रिकामे हात धरून गल्लीतून चालायला लावलं होतं, आणि तो चालला होता.

गाडी थांबली. त्याने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, आणि माझ्याकडे न बघता, समोर बघत विचारलं, "कसं झालं?"

माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीने इंजिन बंद केल्यावर याच आवाजात हे विचारलेलं आहे. तो थट्टा करत नव्हता. तीन वेळा नापास झालेला माणूस खरोखर विचारत होता. नुसतं 'उत्तम' म्हणावंसं वाटलं. पण मास्तरणीने चूक न काढता सोडलं तर विद्यार्थ्याचा विश्वास बसत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून म्हटलं, "ब्रेक उत्तम. स्टिअरिंग उत्तम. फक्त एवढ्या वळणांत एकदाही हॉर्न दिला नाहीत."

कर्टिसने क्षणभर विचार केला, हात पुढे केला आणि स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या जागी, दाबलं. शर्यतीच्या या गाडीला हॉर्नच नव्हता.